पपईचा देठ

सुतक संपलं त्या दिवशी दारात बोकड कापला. आमच्या तांड्यावर तशी रीत आहे. चुलीवर पुन्हा मटण चढतं, पंगत बसते आणि ज्याची बायको गेली त्याला घरची लेक पहिला घास भरवते. तो घास पोटात जाईपर्यंत पंगतीतलं कुणीही ताटाला हात लावत नाही. त्या घासासाठी मी थांबले होते, यवतमाळला परतले नव्हते. बाने इतके दिवस चहा आणि कोरड्या भाकरीवर काढले होते.

आईला आमच्या गोरबोलीत याडी म्हणतात. याडी झोपेतच गेली, असं मला फोनवर सांगितलं होतं. आदल्या दिवशी ढाणकीच्या बाजारातून तिने स्वतः वांगी निवडून आणली होती. कसलाही आजार नसलेलं माणूस असं कसं जातं, हे मी तेव्हापासून मनात उलटसुलट करून पाहत होते. पुस्तकांत मी बरेच मृत्यू वाचले आहेत. त्यातला एकही कामाला आला नाही.

बोकड कापणं, मटण शिजवणं हे पुरुषांचं काम. आतडं मात्र याडीचं. ती ते उलटं करून मिठाने आणि ज्वारीच्या पिठाने चोळून धुवायची. काळजाचे बारीक तुकडे, ज्वारीच्या कण्या, कांदा, लसूण, भरपूर सांभार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं कालवून त्यात भरायची आणि दोऱ्याने बांधून उकडायची. मग त्याच्या जाड चकत्या वांगी, वालाच्या शेंगा आणि कोहळ्याच्या रश्श्यात सोडायची. त्या पातेल्यासाठी काकाचं घरही आमच्याकडे जेवायला यायचं. मटण नंतर.

"आतडं कोण भरीन आता?" बिजलीकाकीने कांदे चिरता चिरता विचारलं.

"मी भरते."

"तू, उज्ज्वला? कालेजात पोरायले कविता शिकवणारी? अवो, फाटलं त रस्सा नाही होत, खळ होते खळ."

"भरू दे ना काकी," माझा भाऊ बादल सुरी धुता धुता म्हणाला. तो हैदराबादला ट्रकवर असतो. "फाटलं त कुत्रे खूश होतीन."

"मंग पयल्या पंगतीले तूच बस."

इतक्या दिवसांत अंगणात पहिल्यांदा कुणी हसलं. बा हसला नाही. तो खाटेच्या कडेवर बसून माझ्या हातांकडे बघत होता.

धुऊन झालं. आता आतड्याला कुठे भोक तर नाही ना, ते बघायचं होतं. याडी घरामागच्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडायची, आतड्याच्या तोंडात बसवायची आणि फुंकायची. फुगलेलं आतडं बादलीतल्या पाण्यात धरायची. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तसं. बुडबुडे आले की तिथे गाठ. मी ते लहानपणापासून पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. देठ तोडायला उठणार तोच बा उठला.

बाने जन्मात आतड्याला हात लावला नव्हता. "हे बायायचं काम," म्हणायचा आणि मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसायचा. आता तो सरळ घरामागे गेला. तीन-चार देठ घेऊन आला, दाबून पाहिले, एक ठेवून बाकीचे फेकले. ठेवलेल्याचं टोक विळ्याने तिरपं कापलं, पाण्यात भिजवलं, आतड्यात बसवून वरून दोरा गुंडाळला. मग फुंकू लागला. दोन फुंकांच्या मध्ये अंगठ्याने तोंड दाबून धरत होता, हवा परत येऊ नये म्हणून. फुगलेलं आतडं त्याने पाण्यात हळूहळू फिरवलं. एका जागी बारीक बुडबुडे आले.

"इथं," तो स्वतःशीच म्हणाला आणि गाठ मारली.

मी बघत राहिले. हे असं एका दिवसात येत नाही.

"बा, तुले हे कवापासून येते?"

त्याचा हात थांबला. काकी घाईने उठली. "कण्या पाहून येतो मी," म्हणाली. कण्यांची परात तिच्यासमोरच होती.

"काकी, बस," मी म्हणाले. ती बसली. "बा, कवापासून?"

"झाले असतीन दोन वर्सं."

"याडी असताना तू काहून फुकत होता?"

"तिचा दम पुरत नव्हता."

मी ऐकलं, पण मला ते समजायला वेळ लागला. बादलने सुरी खाली ठेवली. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"हृदयाची झडप खराब झालती," बा पाण्याकडे बघत म्हणाला. "नांदेडचा डाक्टर म्हणे, आपरेशन करा. ती म्हणे, रामी गेली तशी मले जायचं नाही." रामीबाई तिची मोठी बहीण. अशाच ऑपरेशनला गेली होती आणि तिथूनच गेली. "माह्या डोक्शावर हात ठेवून सांगतलं तिनं, पोरायले कळू द्यायचं नाही. उज्ज्वलाले त बिलकूलच नाही. तू तिले उचलून नेलं असतं."

"नेलंच असतं! बा, दर आठवड्याले मी फोन करत होती."

"तुहा फोन आला का ती पयले खाली बसे. दम घे. मंग उचले."

फोन नेहमी शेवटच्या घंटीला उचलला जायचा. मला वाटायचं, ती शेतातून येत असेल.

"दिवाळीले?" मी विचारलं. दिवाळीला मी पोचले तेव्हा पातेलं उतरलेलंच होतं. चकती तोंडात टाकून मी म्हटलं होतं, याडी, आज तुह्या हाताले काही वेगळीच चव आहे. याडी तोंडावर पदर धरून हसली होती आणि तिने बाकडे पाहिलं होतं.

"धुणं, भरणं, सारं म्याच केलतं. ती आतून खाटेवरून सांगे. मीठ बी म्याच टाकलं."

"अन् झोपेत गेली, ते?"

बाने मारलेली गाठ पुन्हा एकदा ओढून घट्ट केली.

"झोपेत नाही. निजली का दम लागे तिले. बसूनच व्हती, माह्या पाठीले पाठ लावून. उजाडलं, म्या चहा ठेवाले उठलो, त..." त्याने ओला तळहात हळूच मागे कलता करून दाखवला.

मी आतडं भरलं. बाने फुगवून तपासलेलं सगळं आतडं मी त्याच्यासमोर बसून भरलं आणि त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते कुठेही फाटलं नाही.

पंगत बसली. चकत्या, वांगी, कोहळं, वर तेलाचा लाल तवंग. वास अगदी तोच होता. याडीचाच म्हणावा, तर तो याडीचा नव्हता. बा मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला. मी त्याच्यासमोर बसले. माझा हात उठेना. मांडीवरची पोरं ताटाकडे झेपावत होती, त्यांच्या आया त्यांना धरून बसल्या होत्या. रश्श्याची वाफ विरली.

"उज्ज्वला," काकी हळूच म्हणाली, "दे माय घास. अन्न थंडं होऊन राह्यलं."

बा वर पाहत नव्हता. त्याची पाठ सरळ, ताठ होती, अजून कुणी तिला टेकून बसलं असावं तशी.

मी भाकर मोडली, चकतीचा तुकडा घेतला, त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने तोंड उघडलं. खूप वेळ चावलं, मग गिळलं. पंगतीतले हात ताटांकडे गेले. त्याचे गुडघ्यांवरच राहिले.

मी दुसरा घास मोडला.

"एकच द्या लागते वो," काकी म्हणाली. "आता त्याचं तो खाईन."

मला रीत माहीत होती. त्यानंतर मी बाशी बोलले नव्हते, आणि किती दिवस बोलणार नव्हते ते मलाच माहीत नव्हतं. मी तो घास रश्श्यात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला.