उजव्या खिशातली बटणं

सासूबाईंनी एप्रनच्या डाव्या खिशातून एक बटण काढलं, उजव्या खिशात टाकलं आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "माझं नाही."

समोर सुनेनं चादरीची घडी उलटी घातली होती. अडीच महिन्यांपूर्वी असं झालं असतं, तर लॉन्ड्रीतली वाफसुद्धा भिऊन छताला चिकटली असती. इस्त्रीवाला पाठीमागे त्यांना तोफ म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही.

पण एका सकाळी सून भरलेली बॅग घेऊन दारात उभी राहिली. तेव्हा तिला तिसरा महिना होता.

"आणखी एक टोमणा, आई, की बाळ माझ्या माहेरीच वाढेल."

ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणूनच सासूबाईंच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्याच दिवशी त्या साधनेच्या वर्गाला जाऊन बसल्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मनाला वळण लावायचं. आत जे उठेल त्याला म्हणायचं, माझं नाही. आणि जाऊ द्यायचं." पोरीच्या वयाची बाई, पण सासूबाईंनी मुकाट ऐकलं. रोज सकाळी तासभर डोळे मिटून बसायचं आणि दिवसभर, आत काही उठलं की धुण्यात सापडलेलं एकेक बेवारशी बटण या खिशातून त्या खिशात. सुरुवातीला डावा खिसा दुपारीच रिकामा व्हायचा. आता दिवसाकाठी चार-पाच बटणं हलली तर हलली.

काल लेकानं बॉयलरवर चढून शिट्टीचा नट पान्यानं आवळला होता.

"सारखी फुकट वाफ जाते, आई."

हा बॉयलर त्यांच्या नवऱ्यानं आणलेला. तीस वर्षं दर दहा मिनिटांनी शिट्टी मारून जादा वाफ सोडायचा. "मी आणि हा, दोघंही बोलून मोकळे होतो," असं त्या म्हणायच्या. लेकाच्या हातातला पाना हिसकावून घ्यावा, असं काल आतून उसळलं होतं. एक बटण हललं आणि ते निवलं.

आज सकाळपासून शिट्टी झाली नव्हती.

त्यांच्या कानांनी ते केव्हाच टिपलं होतं. त्यापायी तीन बटणं गेली होती.

"मावशी, हा आज गप्प कसा?" इस्त्रीवाल्यानं बॉयलरकडे मान उडवली.

"तोही साधनेला बसला असेल," लेक म्हणाला.

सून खळखळून हसली. बॉयलरशेजारच्या कोमट भिंतीला ती कंबर टेकवून उभी होती. हल्ली तिला तिथंच बरं वाटायचं. "आई काही बोलल्या का? नाही ना? मग ठीकच असणार. त्यांच्या नजरेतून काही सुटलंय का आजवर?"

सुनेच्या तोंडून एवढं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मान आपोआप ताठ झाली. आणि ताठ मानेनंच त्यांनी बॉयलरच्या तबकडीकडे पाहिलं.

काटा लाल पट्टा ओलांडून शेवटच्या खिळ्याला टेकला होता आणि थरथरत होता. चपलेतून तळपायाला फरशीची बारीक गुणगुण लागत होती.

त्या उठल्या. "सर तिथून, मूर्खे! पळा सगळे!" एवढंच तर म्हणायचं होतं. तीस वर्षं हा आवाज रस्त्यापलीकडे पोचत होता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. हात मात्र सवयीनं डाव्या खिशात गेला. तोंड उघडलं.

"माझं नाही," त्या म्हणाल्या. हळू आणि गोड, शिकवलं होतं अगदी तस्संच.

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं, मायेनं हसली आणि पाठ भिंतीला नीट टेकवून पुढची चादर उचलली.

उजव्या खिशात बटण बटणावर पडलं. ते सगळ्यांना ऐकू आलं, इतकी तिथं शांतता होती.