सगुणबाबचा डावा कौल

कारापूरच्या सगुणबाबच्या घरी गेले वर्षभर दर रविवारी जेवणानंतर जगाची वाटणी व्हायची. माशांच्या हुमणाचे हात धुऊन झाले की मुलगा साईश मेजावर लॅपटॉप उघडी, सून ऋतिका शेजारी खुर्ची ओढून बसे, आणि दोघे मिळून युरोपातला एकेक देश काढत, उलटासुलटा करून बघत आणि परत ठेवून देत. बाजारात बांगडे घेताना कल्ले उघडून बघतात, तसे.

बसण्याचं कारण सगुणबाब स्वतः होते. एकसष्टच्या आधी, म्हणजे पोर्तुगीज अमलात, त्यांचा जन्म झाला. त्यात त्यांचं कर्तृत्व काही नव्हतं, पण तेव्हा जन्मलेल्याला आणि त्याच्या पोराबाळांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, म्हणून गोव्यात या एका गोष्टीला जी किंमत आहे ती डॉक्टरकीलासुद्धा नाही. खाणीवरच्या वजनकाट्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली, त्याबद्दल कोणी कधी विचारपूस केली नाही. पण ते वेळेवर जन्मले म्हणून साखळीच्या बाजारात लोक थांबून त्यांचं अभिनंदन करत. आधी त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली, मग त्यांच्यामुळे साईशची, मग साईशमुळे आठ वर्षांच्या तनयाची. ऋतिकाचं काम लग्नाच्या नात्याने होणार होतं आणि सगुणबाबच्या बायकोचं, शेवंतीचंही तसंच.

असा सगळा वेल ज्या मुळावर चढला होता, ते मूळ तेवढं इथेच राहणार होतं.

तसं कोणी तोंडाने म्हटलं नव्हतं. पण देश कुठलाही निघो, साईश भाड्याच्या घरांचे फोटो काढी तेव्हा खोल्या तीनच असत. एक साईश-ऋतिकाची, एक तनयाची आणि एक आईची. आई लागणारच होती. ऋतिका नर्स, तिच्या पाळ्या असणार. साईश औषधाच्या कारखान्यातला, त्यालाही वेळीअवेळी जावं लागणार. मग तनयाला शाळेतून कोण आणणार, आणि आल्यावर गरम पेज कोण देणार? शेवंतीला प्रत्येक देशात खोली होती. सगुणबाबना कुठेच नव्हती.

“बाबांना थंडी सोसत नाही,” साईश म्हणे. पुरावा म्हणून तो चोर्ला घाटातली सहल सांगे, जिथे धुक्यात सगुणबाब एकदा शिंकले होते. त्या एका शिंकेवर अख्खा उत्तर युरोप त्यांना बंद झाला होता. शिवाय घर कोण राखणार? कुळागरातली सुपारी कोण काढून घेणार? चवथीला मूर्ती कोण आणणार? बाबाच की. हे सगळं इतक्या मायेने बोललं जाई की मध्ये बोलणं म्हणजे मायेला आडवं येणं झालं असतं.

आणि सगुणबाबना तर जायचं होतं. मनापासून जायचं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा माल भरून जाताना बघितला. शिरगावच्या खाणीची माती आमोण्याला बार्जवर चढून चीन-जपानला गेली. मातीने जग बघितलं, तिचं वजन करणारे सगुणबाब चोर्ला घाटापर्यंत गेले. आता साठी उलटल्यावर त्यांनी गुपचूप म्हापशाहून एक जाड कोट आणून कपाटात धोतरांखाली ठेवला होता. सकाळी ते पाववाल्या पोदेराला पोर्तुगीजात ‘बों दीय’, म्हणजे सुप्रभात, म्हणत. पोदेर हुबळीचा होता. म्हातारा काहीतरी जास्त मागतोय असं समजून तो दोन पाव जादा देई.

पण ‘मलाही यायचंय’ हे वाक्य काही त्यांच्या तोंडून फुटेना. बापाने मुलाकडे मागायची गोष्ट नव्हे ती. म्हणून ते आडून खेळत. रविवारच्या बैठकीत ते फक्त उबदार देशांची बाजू घेत. पोर्तुगालचं नाव तर त्यांनी चार-पाच वेळा काढलं. त्यावर साईश हसला. इंग्लंडात स्विंडनला असलेला पुतण्या प्रज्योत फोनवर हसला. पोर्तुगीज पासपोर्ट काढून कोणी पोर्तुगालला जातं काय? ते म्हणजे लग्नाचं आमंत्रण आलं म्हणून हॉलच्या वॉचमनकडे जेवायला बसण्यासारखं.

प्रज्योतचा सल्ला वेगळाच होता. देश कुठलाही घ्या, पण आपले गोंयकार किती लांब राहतात ते आधी बघा. अडीनडीला धावून येतील इतके जवळ हवेत, आणि आपला पगार किती हे कळणार नाही इतके लांब. त्याला स्वतःला अशी जागा अजून मिळाली नव्हती.

शेवटी दोन देश उरले. ऋतिकाला आयर्लंड हवं होतं, कारण तिथे नर्सना मान आहे असं तिच्या मैत्रिणीने, शीतलने, कळवलं होतं. साईशला लक्झेंबर्ग हवं होतं, कारण तिथे बस फुकट. सगुणबाब म्हणाले, कदंबाच्या बसने फुकट नेलं म्हणून आपण डिचोलीला घर घेऊन राहिलो काय? पण साईश ऐकेना. नवराबायको आठ दिवस एकमेकांशी तनयामार्फत बोलू लागली. ‘तुझ्या बाबाला सांग, मीठ दे.’ ‘तुझ्या आईला सांग, समोरच आहे.’ पोरीने शेवटी दोघांनाही सांगितलं की मी आता शाळेत चालले, मीठ तुमचं तुम्ही घ्या.

तेव्हा सगुणबाबनी तोडगा काढला. देवीला विचारू.

हा तोडगा दोघांनाही पटला, कारण आपलंच बरोबर आहे हे देवीला ठाऊक असणार याची दोघांनाही खात्री होती. सोमवारी सकाळी सगळे सातेरीच्या देवळात गेले. गुरव सखाराम याने देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना पाण्याने पिटकोळीची तांबडी फुलं लावली. उजवीकडचं फूल आधी पडलं तर देवीचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सखारामने गाऱ्हाण्याला सुरुवात करून विचारलं, काय सांगू देवीला?

साईश म्हणाला, उजवं पडलं तर लक्झेंबर्ग, डावं पडलं तर आयर्लंड.

ऋतिका म्हणाली, माझा देश डावीकडे का?

इथे पहिली अर्धी सकाळ गेली. डावा कौल म्हणजे देवीची नाराजी. तिकडे आपला देश ठेवायला कोणी तयार होईना. ऋतिकाचं म्हणणं, तुमचा देश एवढासा, डाव्या बाजूला आरामात मावेल. साईशने नाणं उडवायचा विचार बोलून दाखवला. म्हणजे देवीला विचारायच्या आधी नाण्याला विचारायचं. सखारामने इतक्या वर्षांत जमिनीचे, लग्नाचे, म्हशीचे कौल लावले होते, पण देशांना उजवं-डावं करताना त्याने कोणाला बघितलं नव्हतं. तो म्हणाला, “बाबांनो, देवी हो की नाही ते सांगते. दोन पोरींतली कुठली करू, असं तिला विचारत नाहीत. एकेकीचं विचारा.”

मग एकेकाचं विचारलं. लक्झेंबर्गला जावं काय? उजवं पडलं. साईशने बायकोकडे बघितलं. आयर्लंडला जावं काय? उजवं पडलं. ऋतिकाने नवऱ्याकडे बघितलं. साईशने खात्री करायला जर्मनी लावून बघितला, तोही उजवा पडला.

“देवीची हरकत नाही,” सखाराम म्हणाला. “कुठेही जावा. वेशीपलीकडचं ती बघत नाही, तिथली तिथे कोणी असेल ती बघेल.”

सगळे हिरमुसले. देवीने इतक्या सहज जायला सांगावं, हेही थोडं लागलंच. निघायची तयारी झाली आणि तेवढ्यात सगुणबाब पुढे झाले.

“सखाराम, आणखी एक लाव. घर राखायला मी मागे राहावं काय, विचार.”

साईश आणि ऋतिका निवांत उभे राहिले. जे ठरलंच आहे त्यावर देवीचा शिक्का बसत असेल तर चांगलंच. शेवंती खांबाला टेकून बसली होती, ती नुसती बघत होती. सखारामने फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. त्याचं ‘बारा पाचांची देवी’ म्हणून संपतं न संपतं तोच डावीकडचं फूल टपकन खाली पडलं.

साईश म्हणाला, ते फूल नीट चिकटलंच नव्हतं. सखाराम त्याच्याकडे असा वळला की साईश दोन पायऱ्या आपसूक उतरला. ऋतिका पेडण्याची; ती म्हणाली, माझ्या माहेरच्या देवीला एकदा विचारून बघू. म्हणजे मामलेदाराचा निकाल पटला नाही की कलेक्टरकडे जातात तसं. सखाराम म्हणाला, जावा की, पण मग फुलं तिथलीच वापरा.

साईश मुळात वाईट नव्हता. तो बापाजवळ आला.

“बाबा, तुम्हाला यायचं होतं?”

“हं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाही.”

“मलासुद्धा विचारलं नाही,” खांबाजवळून शेवंती म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली. तिला विचारायचं काय? तिची खोली तर प्रत्येक देशात पहिल्या दिवसापासून होती.

“मी येत नाही,” शेवंती म्हणाली आणि देवीला नमस्कार करून उठली.

ऋतिका कासावीस झाली. आई, असं कसं, तनयाचं काय, पेजेचं काय, असं ती बोलत राहिली. साईशने सखारामला घाईने फुलं लावायला सांगितलं, आईच्या नावाने. शेवंतीने हाताने थांबवलं.

“कौल ज्यांचं ठरत नाही त्यांनी घ्यायचा रे. माझं ठरलंय. आणि पेज करायला हे येतात ना.”

‘हे’ म्हणजे सगुणबाब. त्यांनी जन्मात पेज खाल्ली होती, केली नव्हती.

घरी येईपर्यंत हिशेब नव्याने मांडून झाला. तिसरी खोली सगुणबाबना मिळाली आणि खोलीबरोबर जे जे येतं ते सगळं मिळालं. ऋतिकाने तिथेच पाळ्या समजावल्या: सकाळी डबा, दुपारी शाळा, संध्याकाळी पेज, मध्ये कपडे. बाबांना थंडी सोसेल का, हे कोणाला आठवलंच नाही. चोर्ला घाटातली शिंक वातावरणात विरून गेली. आणि ज्याच्यापायी आठ दिवस मीठ अडलं होतं तो प्रश्नही सुटला. म्हातारा सासरा घेऊन जायचं तर ज्याची भाषा थोडीफार कळते तोच देश बरा, म्हणून आयर्लंड ठरलं. खाणीवर साहेबाचं इंग्रजी ऐकून सगुणबाबना ‘यस सर’ येत होतं. साईशने फुकट बससाठी थोडा सुस्कारा सोडला, पण पेजेपुढे बस ती काय.

बाजारात बातमी पोचायला वेळ लागला नाही. लोक थांबून पुन्हा अभिनंदन करू लागले. देवीनेच पाठवलं म्हणे तुम्हाला. सगुणबाब हो म्हणत, पण पूर्वी अभिनंदन घेताना त्यांची मान जेवढी वर असे तेवढी ती आता होत नव्हती.

कौलाच्या दुसऱ्या दिवशीपासून रांधपाच्या खोलीत त्यांची शिकवणी सुरू झाली. शेवंती पाटावर बसून सांगायची, ते उभे राहून करायचे. पहिल्या दिवशी नारळ खोवताना बोट खोवलं. मग कांदा कापताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं तेव्हा त्यांनी ते कांद्याच्या नावावर खपवून घेतलं आणि विचारलं, तू का येत नाहीस गे?

शेवंती तांदूळ पाखडत होती. ती थांबली नाही.

“दोडामार्गात बापाचं घर होतं, ते त्याने ठरवलं. मग तुमच्या बापाने शिरगावात ठेवलं, खाण जवळ म्हणून. मग तुम्ही इथे बांधलं. मला कधी कोणी म्हटलं काय, शेवंती, तुला कुठे राहायचं? आता तुम्ही सगळे जाताय. घर रिकामं होणार. विमला येईल माझ्याबरोबर राहायला, तिलाही एकटीला कंटाळा आलाय. आम्ही दोघी दारापुढच्या बाल्कांवावर बसू आणि वाटेल तेव्हा जेवू. माझी जागा मी ठरवली. पहिल्यांदाच ठरवली, तुम्ही मोडू नका.”

विमला म्हणजे तिची धाकटी बहीण. तिच्या येण्याची तयारी बरीच आधीची दिसत होती. युरोपचे नकाशे बघत सगळे दर रविवारी जागा शोधत होते, तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासता घासता शेवंतीने एकटीने जागा पक्कीही केली होती आणि तिला व्हिसाही लागला नव्हता.

सगुणबाबनी तो कांदा संपवून दुसरा घेतला. कोट, आयर्लंड, विमान, सगळं त्यांच्या हातात होतं. जे हवं होतं तेच मिळालं होतं, फक्त ज्या घरापासून दूर जायचं म्हणून ते मिळवलं होतं त्यात आता शेवंती राहणार होती. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“मी राहतो,” ते म्हणाले. “पोरं जाऊ देत. मी राहतो तुझ्याजवळ.”

“कसे राहाल?” शेवंती म्हणाली. “देवीने नको म्हटलंय.”

प्रश्न सगुणबाबनीच विचारला होता, सगळ्यांसमोर, धीर करून. आता ते फूल नीट चिकटलं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती; ते म्हणणाऱ्या साईशकडे सखारामने कसं बघितलं हे त्यांनी पाहिलं होतं. पेडण्याच्या देवीकडे जावं तर ती सुनेची. शेवंती पाठमोरी, खाली मान घालून पाखडत होती, पण तिचे खांदे किंचित हलत होते. हसत होती की आणखी काही, हे इतक्या वर्षांनीही त्यांना मागून ओळखता आलं नाही.

त्यांनी टोपात तांदूळ घेतले, धुतले आणि चुलीवर चढवले.

“पाणी किती?”

“तांदळावर बोट उभं धरा. पहिलं पेर बुडेल इतकं भाताला. पेजेला दुप्पट-तिप्पट, मग बघून.”

“आणि तिथे?”

“तिथे काय वेगळं,” शेवंती म्हणाली. “बोट तुमचंच असणार ना?”