गुळगुळीत जोड

दोघी जावांचं मिळून एक पार्लर होतं. पाटीवर नाव थोरलीचं, गल्ल्यावर थोरली, फोनवर थोरली. आणि आरशासमोर उभी राहून दिवसभर कात्री चालवायची ती धाकटी. यात कुणावर अन्याय वगैरे झाला असं समजू नका. थोरलीचं तोंड चालायचं आणि धाकटीचा हात, त्यामुळे कामाची वाटणी आपोआपच झाली होती. धाकटीला एकच खोड होती. गिऱ्हाईक उठून पर्स शोधायला लागलं तरी ही त्याच्या मानेवरचा एखादा चुकार केस बघून म्हणायची, "थांबा हं, एक मिनिट," आणि पुन्हा खाली बसवायची. त्यापायी बाकावरची माणसं ताटकळायची, थोरली डोळे वटारायची. पण गिऱ्हाईक टिकून होतं तेही या खोडीमुळेच.

एक दिवस खुर्चीचा पाय मोडला, आणि तोही चांगली भरभक्कम बाई बसलेली असताना. बाईंना काही झालं नाही, थोरलीला मात्र घाम फुटला. मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तर तांत्रिक शाळेतून निवृत्त झालेले. शाळेच्याच मागच्या शेडमध्ये रविवारी हौशी लोकांना वेल्डिंग शिकवायचे आणि आठवडाभर अशी फुटकळ कामं करायचे. त्यांनी मागच्या दारात खुर्ची आडवी केली, तोंडावर हेल्मेट ओढलं आणि धाकटीला म्हणाले, "ताई, इकडे बघू नका, डोळे जातील."

"मग मलाही द्या की एक काच," धाकटी म्हणाली.

मास्तरांनी एक जुनी हातात धरायची काच दिली. त्या काळ्या काचेतून तिने पाहिलं तर सगळीकडे अंधार, आणि मधोमध वितळलेल्या लोखंडाचं एवढंसं डबकं, हलणारं, चकाकणारं. डबकं पुढे सरकत होतं आणि त्याच्या मागे दोन तुकड्यांचा एक तुकडा होत होता. झालं, बाई खुळावली. याला दुसरा शब्द नाही. पुढच्या रविवारी ती शेडमध्ये हजर.

पहिले काही रविवार नुसती फजिती झाली. वेल्डिंगचा रॉड पत्र्याला टेकवला की चिकटून बसायचा, तो झटकून झटकून मनगट भरून यायचं. रेघ ओढायला जावं तर कावळ्याने शिटल्यासारखे गोळे पडायचे. एकदा काच खाली घ्यायच्या आधीच तिने ठिणगी पेटवली आणि दुसऱ्या दिवशी डोळे टोमॅटोसारखे लाल करून पार्लरमध्ये आली. एका गिऱ्हाइकाने हळूच विचारलं, "घरी काही झालं का गं?" गल्ल्यावरून थोरली म्हणाली, "झालंय ना! हिने लोखंडाशी भांडण काढलंय."

मग कधीतरी हात बसला. रॉड किती तिरपा धरायचा, किती अंतरावर, किती वेगाने न्यायचा, हे तिच्या बोटांना उमगलं. डोकं मध्ये घातलं की बिघडायचं, हातावर सोडलं की जमायचं. मास्तर तिच्या मागे उभे राहून गप्प बसायला लागले, आणि मास्तरांचं गप्प बसणं म्हणजे मोठीच शाबासकी होती.

त्या वर्गाची एक रीत होती, ती इथेच सांगून ठेवायला हवी. तिथे यायचे ते सगळे हौसेचे मामले. कुणाला झाडाच्या कुंड्यांसाठी स्टँड करायचा होता, कुणाला पलंग, एका दातांच्या डॉक्टरला नुसतंच काहीतरी ठोकायचं होतं. त्यांच्या वस्तू रंग देऊन दिवाणखान्यात ठेवायच्या. म्हणून मास्तर एकच घोषा लावायचे, "घासा, घासा! जोड दिसता कामा नये." वेल्डिंग झालं की जो तो ग्राइंडर घेऊन बसायचा आणि जोडाचा उंचवटा पत्र्याबरोबर सपाट करून टाकायचा. यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने घासलेल्या जागेवरून डोळे मिटून बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते सापडायचं नाही. डॉक्टर तर तोंडात बोटंच घालायचा, स्वतःच्या.

घर स्टुलांनी भरलं, मग चपलांच्या मांडण्यांनी. नवरा म्हणाला, "आता एक मोठा पिंजरा कर, आम्ही सगळे त्यात राहतो. घर तुझ्या सामानाला मोकळं." हौस होती तोवर सगळ्यांना गंमत वाटत होती. पण एकदा जेवता जेवता तिने सांगितलं, "मला हेच काम करायचंय. रोज. पोटापाण्यासाठी." तेव्हा नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"या वयात?"

"या वयात लोकांचे केस कापलेले चालतात ना? मग लोखंडाने काय घोडं मारलंय?"

खरं कारण तिने त्याला नीट सांगितलं नाही, कारण ते सांगायला तिला जमत नव्हतं. केस कितीही सुरेख कापा, महिन्याभरात वाढतात. आपलं काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरून केरात जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय आरशात बसलेली प्रत्येक बाई शेवटी स्वतःबद्दल काहीतरी वाईट बोलते आणि आपण तिची समजूत काढायची. या सगळ्याचा तिला कंटाळा आला होता, अगदी वीट आला होता. लोखंडाची समजूत काढावी लागत नाही.

गावाबाहेर मोठमोठ्या टाक्या बनवणारा एक कारखाना होता. त्यांना वेल्डर हवे होते. शिक्षण विचारत नव्हते, वय विचारत नव्हते. परीक्षेची लोखंडी प्लेट जोडून दाखवा, पास झालात की कामावर या, एवढंच. धाकटीने नाव दिलं आणि नेमका त्याच सुमारास थोरलीने शेजारचा गाळा घ्यायचा घाट घातला. मधली भिंत पाडायची, खुर्च्या वाढवायच्या. पण धाकटीच्या हाताशिवाय तो सगळा डोलारा उभा राहणार नव्हता, हे थोरलीला पक्कं माहीत होतं.

"मला एक काय ते सांग बाई," थोरली म्हणाली. "तू आहेस की नाहीस? गाळेवाला रोज येऊन बसतोय."

"परीक्षा होऊ दे ताई. पास झाले तर मी तिकडे. नापास झाले तर हा विषय बंद, मी जन्मभर तुझ्याजवळ."

"बघ हं. शब्द दिलास."

"दिला."

थोरली वाईट नव्हती. तिने परीक्षेच्या दिवशी सुट्टी दिली, डबाही दिला, आणि मनातून काय मागितलं असेल ते आपण विचारू नये.

कारखान्याच्या एका कोपऱ्यात पत्र्याचे आडोसे करून परीक्षेच्या जागा केल्या होत्या. प्रत्येक आडोशात दोन जाड प्लेटा उभ्या बांधलेल्या, त्यांच्या मधल्या खाचेत खालून वर थरावर थर देत भरत यायचं. बाकीचे सगळे धंद्यातले, कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपमधून आलेले. परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर मोजकंच बोलला. "प्रत्येक थराची वरची काळी खपली झाडा. थरांच्या मध्ये लागेल तर ग्राइंडर मारा. भरपूर वेळ आहे. झालं की हाक मारा."

धाकटीने हेल्मेट खाली घेतलं आणि बाकी जग बंद झालं. पहिला थर एका ठिकाणी वाकडा गेला, तेवढा भाग तिने घासून पुन्हा भरला. दुसरा बरा गेला. शेवटचा, वरचा थर ती चढवत नेऊ लागली तेव्हा तिला श्वासाचीही आठवण राहिली नाही. खपली झाडली तर खाली एकावर एक बसलेल्या बारीक लाटा, खालपासून वरपर्यंत. तिच्या हातून एवढं चांगलं काम पूर्वी झालं नव्हतं, आणि ते तिला कळतही होतं. आनंद झाला तिला, अगदी पोटातून झाला.

तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मधोमध एक लाट जराशी वर आलेली तिला दिसली. वेळ तर होताच. "थांबा हं, एक मिनिट," ती स्वतःशीच पुटपुटली आणि तिने ग्राइंडर उचलला.

तेवढीच जागा घासली तर ती चमकायला लागली आणि ठिगळ लावल्यासारखी दिसायला लागली. मग वरचं थोडं घासलं. मग खालचं. मग एवढं केलंच आहे तर म्हणून सगळंच. शेजारच्या आडोशातला माणूस काम संपवून बाहेर आला, त्याने इकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता, पण उशीर झालाय हे बघून पुढे गेला. धाकटीने फडक्याने प्लेट पुसली आणि हाक मारली.

इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन आला. प्लेटवर उजेड टाकला, बोट फिरवलं.

"जोड कुठे आहे?"

तिला क्षणभर वाटलं, कौतुक करतोय. तिने हसून दाखवलं, "हा काय, इथे."

"घासलात तुम्ही?"

"हो. जरा वर आला होता."

"बाई, वरचा थर घासायचा नसतो. मी तोच बघायला येतो. किती रुंद आहे, किती उंच आहे, कडेला खाचलंय का, भोकं पडलीत का. तुम्ही सगळं पुसून टाकलंत. आता मी काय बघू?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"इथे येणाऱ्याला ते सांगावं लागत नाही." तो रागावला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगत होता. "काही झाकायचं होतं का?"

"नाही हो! चांगला होता. फार चांगला झाला होता."

"मग घासलात कशाला?"

सवयीने घासलं, हे तोंडातून काढायची धाकटीला लाज वाटत होती. "प्लेट वाकवून बघा ना," ती म्हणाली. "जोड तुटणार नाही, बघा तुम्ही."

"नसेलही तुटत. पण आधी बाहेरून पास, मगच वाकवणं. नियम आहे." त्याने प्लेटवर खडूने फुली मारली आणि ती भंगाराच्या ढिगावर टाकली. आत काय होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं, तिलाही नाही.

ती हातमोजे काढत होती तेवढ्यात कारखान्याचा फोरमन आला. ढिगावरची प्लेट त्याने उचलली, उजेडात तिरपी धरली, नख फिरवून बघितलं.

"ही कुणी घासली?"

"मी."

"कमाल आहे! ताई, आमच्या स्टीलच्या टाक्या आतून अश्शा गुळगुळीत लागतात. वेल्डर जोडून जातात, मागून घासायला धड माणूस मिळत नाही. सोमवारपासून या. परीक्षाबिरीक्षा काही नको."

"आणि वेल्डिंग?"

"ते बघू की पुढे."

हे 'बघू पुढे' धाकटीच्या चांगल्या ओळखीचं होतं. केस गळणाऱ्या बाया विचारायच्या, पुन्हा येतील का हो? तेव्हा ती हेच म्हणायची, आणि म्हणताना तोंड असंच हसरं ठेवायची. तिने विचार केला, नाही असं नाही. कारखान्याच्या आत पाऊल पडत होतं. घरी जाऊन सांगता आलं असतं, लागली नोकरी. कुणी फार चौकशीही केली नसती.

"नको," ती म्हणाली.

"अहो, विचार तरी करा! चालून आलेलं काम आहे."

"विचार केला, दादा. दुसऱ्याने केलेलं गुळगुळीत करून द्यायचं हे मला येतं. फार चांगलं येतं. म्हणूनच नको." आणि मग तिने विचारलं, "पुढची परीक्षा कधी?"

फोरमनने खांदे उडवले. "मोठं काम आलं तर. सांगता येत नाही." प्लेट त्याने पुन्हा ढिगावर टाकली आणि तो निघून गेला. वेड्या माणसांशी बोलत बसायला त्याला वेळ नव्हता.

फाटकाबाहेर आल्यावर मात्र ती रडली. भिंतीकडे तोंड करून, चांगली मनसोक्त. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. ज्या एका दिवशी हात आवरायचा, त्याच दिवशी आवरला नाही. नाक पुसते न पुसते तोच फोन वाजला. थोरली.

"काय गं? झालं का?"

"झालं. नापास झाले."

"वाईट वाटलं गं," थोरली म्हणाली, "खरंच वाटलं." आणि ते खरं होतं. तिने लगेच सुटकेचा निःश्वास सोडला, तोही खरा होता. "बरं, तू आता रडतबिडत बसू नकोस. गाळेवाला समोरच बसलाय. त्याला हो म्हणून टाकते."

"म्हण. गाळा घे, ताई."

"आणि तुझी खुर्ची खिडकीकडे घेऊ या. उजेड चांगला येतो."

"माझी नको. माझ्या जागी दुसरी कुणीतरी बघ."

"म्हणजे? अगं, तिकडे काम मिळालं का दुसरं?"

"नाही. पण पुढच्या परीक्षेला बसणार आहे."

"मग? तूच शब्द दिला होतास ना, नापास झालीस तर माझ्याजवळ राहशील म्हणून?"

"दिला होता," धाकटी म्हणाली. "तेव्हा मला वाटत होतं, मी पास होणारच."