जेवून लिहिलेलं पान

डेपोत सगळे त्याला हळूभाऊ म्हणत. बस इतकी अलगद थांबवायचा की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळू नये. असा हा माणूस, पण आई गेल्यापासून स्टॉपवर हात दाखवणारी माणसं सोडून पुढे जाऊ लागला. एकदा तर हिरवा दिवा लागला तरी चौकात बसूनच राहिला. मॅनेजरसाहेबांनी गाडी काढून घेतली. "डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत टायरच्या गोदामात बस."

बाईंनी तपासलं, बोलतं केलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. चहा-बिस्किटांवर दिवस काढायचा नाही, वेळेवर ताजं जेवायचं. आणि रोज थोडा वेळ मनात येईल ते लिहायचं, कुणासाठी नाही, आपल्यासाठी. "महिन्याने या. मग गाडीचं बघू."

गाडी कायमची गेली तर आपण उरतो कोण, हाच प्रश्न घेऊन हळूभाऊ घरी आला.

दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या तो कागद घेऊन बसला. पण जन्मात लिहिलं होतं काय, तर डेपोचे रिपोर्ट. तसंच लिहिलं, आणि बायकोला वाचून दाखवलं. "सकाळी निघालो. मन गार. आतून आवाज येतो. प्रवासी नाही."

"अहो, हे मन आहे की इंजिन?" बायको हसू दाबत म्हणाली. "बाई तुम्हाला वर्कशॉपला पाठवतील."

तोही हसला, बऱ्याच दिवसांनी.

हळूहळू रिपोर्ट मागे पडला आणि खरं कागदावर उतरू लागलं. आई गेली तेव्हा तो गाडीवर होता. तिची तब्येत बिघडल्याचा निरोप मिळाला, पण भरली बस रस्त्यात टाकून येणार कसा? शेवटच्या स्टॉपवर सगळ्यांना उतरवून धावत आला, तोवर सगळं आटोपलं होतं. रोज सकाळी तेच पान, आणि पानाच्या शेवटी स्वतःला शिव्या. जेवणाचं ताट मात्र तसंच परत जायचं.

"हे लिहिणं मला बाधतंय," एक दिवस तो म्हणाला. "उठलो की जास्तच बुडाल्यासारखं होतं."

"बाधणारच. बाईंनी औषधं दिली दोन, तुम्ही घेताय एक. तेही उपाशीपोटी."

"घास उतरत नाही गं. ती गेली, आणि मी जेवत बसू?"

"सासूबाईंनी तुम्हाला कधी उपाशी गाडीवर पाठवलं होतं?"

तो उठून ताटासमोर बसला. गरम भात, मसूर, पालेभाजी, बाजूला सोललेलं संत्रं. पहिले घास खडे गिळावेत तसे गेले. मग पोटात ऊब आली. हात धुऊन त्याने तिथेच कागद ओढला.

आता बघा, आठवण तीच होती. पण पोटात अन्न होतं, म्हणून ती त्याला जरा लांबवर धरवली. आई कधीकधी उगाचच त्याच्या बसमध्ये येऊन बसायची. कुठे जायचं नसायचंच. शेजारच्या बाईला सांगायची, "हा माझा. हा असला की सगळे घरी पोचतात."

पेन थांबलं. त्या दिवशीही सगळे घरी पोचले होते.

तो रडला, भरपूर रडला. बायको पाठीवर हात ठेवून उभी राहिली. देवाची दया काही वेळा अशी मसुराच्या वाफेतून येते.

लगेच सगळं उजळलं असं नाही. काही पानं काळीच निघायची. पण दुपारचं जेवण चुकलं की पान हमखास काळं, एवढं त्याला कळून चुकलं. मग जेवण चुकवणं त्याने सोडून दिलं.

महिन्याने बाईंनी कागद मागितलेच नाहीत. "लिहिताना कसं वाटतं, तेवढं सांगा."

"आधी नुसत्या शिव्या यायच्या, बाई. आता आभारांना जागा पुरत नाही."

"कुणाच्या आभारांना?"

"आईच्या. बायकोच्या. तुमच्या." तो जरा लाजला. "मसुरांच्याही."

बाईंनी हसून गाडी परत देण्याच्या कागदावर सही केली. "पण सुरुवातीला शेजारी दुसरा ड्रायव्हर बसेल बरं का."

"बसू द्या की," हळूभाऊ म्हणाला. "त्याचाही डबा आणतो."