बाईंनी लावलेलं पुस्तक

"यातलं आमच्यापैकी कुणाला ओ की ठो कळत नाही, बाई. तेव्हा पुस्तक तुम्हीच ठरवा," विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी तीन पुस्तकांची चळत टेबलावरून बाईंच्या पुढ्यात सरकवली. "फक्त शुक्रवारपर्यंत सांगा. अभ्यास मंडळाला कळवायचंय."

बैजिक भूमिती पदवीच्या मुलांना शिकवायची, ही कल्पना मुळात बाईंचीच. समीकरण लिहायचं, त्यातून कागदावर वक्र उमटवायचा आणि मग बीजगणिताच्या चिमट्यात तो वक्र धरून उलटसुलट पाहायचा. बाई कित्येक वर्षं हा विषय बैठकीत मांडत होत्या आणि तो कित्येक वर्षं 'पुढच्या वेळी पाहू'मध्ये जाऊन पडत होता. यंदा मंडळावर नवी माणसं आली आणि निवृत्ती तोंडावर आली असताना बाईंना तो मिळाला. तोवर पहिल्या वर्षाला वर्तुळं आणि लंबवर्तुळं शिकवण्यातच त्यांची नोकरी सरत आली होती. या आकृत्यांना शांकव म्हणतात, म्हणून मुलं पाठीमागे त्यांना 'शांकवबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"हे मधलं पाहा," विभागप्रमुख म्हणाले. "लेखक फार मोठा माणूस आहे. प्रकाशकाचा माणूस सांगत होता, हे लावलंत तर ते स्वतः विषयाच्या उद्घाटनाला येतील. पेपरात फोटो येईल आपला."

बाईंनी पुस्तक उलटं करून मागचा फोटो पाहिला. केस पांढरे झाले होते. डोळे तसेच, आत्ता मिटतील की मग मिटतील असे.

"ओळखता की काय?"

"एका वर्गात होतो."

"मग काय! आंधळा मागतो एक डोळा..." ते खूश होऊन उठले.

एका वर्गात होतो, हे खरंच होतं. समुद्रात पाणी असतं म्हणावं इतपत खरं. चळतीतलं पहिलं, जाडजूड पुस्तक त्या दोघांनी एम.एस्सी.ला असताना वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून वाचलं होतं. सगळे ज्याला मान देतात आणि शेवटपर्यंत कुणीच वाचत नाही, असं ते पुस्तक. कधी अख्ख्या दुपारी एक पान व्हायचं, कधी तेही नाही. तो मध्येच पेंगायचा आणि जागा होऊन थेट उत्तर सांगायचा, म्हणून ती त्याला 'डुलक्या' म्हणायची. ती लिहिलेलं सारखं खोडायची, म्हणून तो तिला 'खोडरबर'. लोकांना वाटायचं तसं त्यांच्यात काही नव्हतं. असलंच, तर दोघांपैकी कुणी ते कधी मांडलं नाही. पुढे संशोधनासाठी दोघांनाही बोलावणं आलं. त्याच सुमारास तिचे वडील गेले, आईनं अंथरूण धरलं. भाऊ लांब, संसारात अडकलेला. तिनं या कॉलेजात तात्पुरती म्हणून नोकरी धरली. तो गेला. आधी पत्रं यायची, मग नुसत्या शुभेच्छा, मग तेही थांबलं. आणि तात्पुरती नोकरी कायमची होऊन बसली.

आई गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून घरात बाई आणि रेडिओ असे दोघंच बोलणारे. त्यातही रेडिओ जास्त.

त्या संध्याकाळी फोन वाजला. वहिनीचा असेल म्हणून बाईंनी उचलला.

"खोडरबर आहे का घरात?"

बाई उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

"डुलक्या, झोपला नाहीस अजून?"

तो मोठ्यानं हसला. हसणं जरा घोगरं झालं होतं. "प्रकाशकानं कॉलेजचं नाव सांगितलं आणि म्हटलं, तिथं आपली बाई असणार. अजून फळ्यावर लिहून खोडतेस का गं?"

"मुलं उतरवून घेईपर्यंत थांबते हल्ली."

तासभर बोलले. तब्येती झाल्या, मेलेली माणसं झाली आणि मग गाडी गणितावर आली. बाईंच्या कानाला घाम आला, तेव्हा त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांच्या मध्येच लक्षात आलं. घरात इतका मोठा आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"मी येतो," तो म्हणाला. "उद्घाटनाचं भाषण काय, उरकून टाकू. पण दोन दिवस राहतो. हल्ली मीही एकटाच असतो. इकडे सगळे मला 'सर, सर' करतात, चुकलो तरी कुणी सांगत नाही. तुझ्याकडे फळा आहे का घरी?"

"भिंत आहे."

"चालेल. खडू मी आणतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुताराला बोलावून आईचा पलंग खोलून घेतला. वर्षभर कुणी ना कुणी सांगत होतं, काढा तो पलंग, जागा अडते. बाईंना धीर होत नव्हता. आता तिथं टेबल आलं, समोरासमोर दोन खुर्च्या आल्या. सुतार म्हणाला, "पाहुणे येणार वाटतं?" बाई म्हणाल्या, "हो, एक जण येणारेत." आणि उगाचच त्याला दुसरा चहा दिला.

त्या टेबलाशी बसून त्यांनी त्याचं पुस्तक वाचायला घेतलं. काय पुस्तक होतं! एक शब्द जास्त नाही. तिसऱ्या प्रकरणातली एक सिद्धता असं वळण घेऊन उत्तराच्या दारात आणून सोडत होती की बाईंनी टेबलावर थाप मारली. "अरे वा!" त्या म्हणाल्या आणि मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती. त्यांना जरा हसू आलं. त्या पुन्हा वाचू लागल्या.

पण वाचता वाचता आत कुठेतरी एक खडा टोचत होता. दुसऱ्याच प्रकरणात त्यानं अमूर्त बीजगणिताची अशी काही चढण घेतली होती की वक्र दिसेनासेच झाले होते. बाईंना ती चढण सुखाची वाटत होती, कारण त्या ती एकदा चढल्या होत्या, पाय सोलून घेऊन. त्यांच्या मुलांचं काय? त्यातली अर्धी फीपुरत्या शिकवण्या घेऊन शिकणारी. बाई स्वतःला म्हणाल्या, मी शिकवीन ना समजावून. पुस्तक अवघड असलं म्हणून काय झालं, बाई कशाला आहेत? दोन दिवस त्या स्वतःला हेच सांगत राहिल्या.

तिसरं पुस्तक तोवर तसंच पडून होतं. बारीक, फिकट जांभळ्या कव्हरचं. कुठल्याशा लहान कॉलेजातल्या दोन शिक्षकांनी मिळून लिहिलेलं. बाईंनी ते चाळलं आणि नाक मुरडलं. एके ठिकाणी चक्क लिहिलं होतं, 'याची सिद्धता इथे देत नाही, आकृती पाहून विश्वास ठेवा.' डुलक्यानं हे वाचलं असतं तर खिडकीतून भिरकावून दिलं असतं.

गुरुवारी तास संपल्यावर बाईंनी दुसऱ्या वर्षाच्या तीन-चार मुलांना थांबवून घेतलं. त्यांत एक मुलगी होती. प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू करायची, म्हणून वर्गात तिचं नावच 'पण' पडलं होतं. बाईंनी आधी त्याच्या पुस्तकातलं प्रकरण दिलं. मुलं शहाण्यासारखी वाचत बसली. कुणी काही विचारलं नाही. नेहमी भांडणारी 'पण'सुद्धा गप्प.

"काय गं? आज 'पण' नाही?"

"नाही बाई. छान आहे." तिनं पुस्तक बाईंकडे सरकवलं. "पण मला वाटतं, मी हा विषय घेऊ नये. आमची ताई म्हणतच होती, झेपेल तेवढंच कर."

बाईंनी ते पुस्तक मिटलं आणि जांभळं पुढे ठेवलं. पहिल्या पानावर एक समीकरण होतं आणि खाली एवढंच: 'आलेख काढून पाहा.' मुलांनी आलेखाचे कागद घेतले. थोड्या वेळानं कुजबुज सुरू झाली, मग वादावादी.

"पण बाई, हे स्वतःलाच ओलांडून जातंय!" 'पण' ओरडली. "इथं मध्ये गाठ पडतेय. चुकलं का माझं?"

"माझीपण पडतेय," दुसरा म्हणाला.

"मग गाठीतून एक सरळ रेघ काढा," बाई म्हणाल्या. "वक्राला ती आणखी किती ठिकाणी भेटते बघा."

"एकाच," 'पण' म्हणाली. मग दुसरी रेघ काढली, तिसरी काढली. "कुठलीही काढली तरी एकाच? ही उभी तर कुठंच भेटत नाही! पण का?"

शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला, तेव्हा कुठे मुलं उठली. बाई रिकाम्या वर्गात थोडा वेळ बसून राहिल्या. बाकावर आलेखाचे कागद विसरले होते. बाईंना जे समजायचं ते समजलं होतं. समजलं आधीच होतं, विसाव्या पानाच्या आसपास. त्याचं पुस्तक त्यांच्यासाठी होतं. अगदी मापानं शिवल्यासारखं. मुलांना मात्र ते अंगात घालता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी विभागप्रमुखांना जांभळ्या पुस्तकाचं नाव सांगितलं.

"हे?" ते चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, हाती आलेली लक्ष्मी लाथाडताय. ते येणार होते ना?"

"मुलांना हे वाचता येईल."

"ते वाचतील न वाचतील, पेपरात फोटो तर आला असता." त्यांनी उसासा टाकून सही केली. "ठीक आहे. तुमचा विषय, तुम्ही जाणे."

संध्याकाळी बाईंनी स्वतः फोन लावला. प्रकाशकाकडून कळण्याआधी आपल्याकडून कळावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"बोल, खोडरबर! तारीख ठरली?"

"पुस्तक ठरलं. तुझं नाही लावलं."

तो म्हणाला, "कुठलं लावलंस?"

बाईंनी नाव सांगितलं.

"ते? अगं, त्यात निम्म्या सिद्धताच नाहीत."

"माहितीये. त्या मी फळ्यावर देईन."

"मग माझ्यात काय वाईट आहे?"

"काहीच नाही. इतक्या वर्षांत मी इतकं चांगलं काही वाचलं नाही, डुलक्या. पण माझी मुलं दुसऱ्या प्रकरणात बसकण मारतील. आपण नव्हती मारली, वाचनालयात?"

"आपण उठलो ना पण."

"तू उठलास," बाई म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, तोंडातून तसंच निघून गेलं.

त्याचा आवाज बदलला; भाषणाच्या आधी माणसं बदलतात तसा. "ठीक आहे. तुझं कॉलेज, तुझी मुलं. तुला जास्त कळतं."

"तू ये मात्र. उद्घाटन नसलं म्हणून काय झालं? सहज ये."

"बघू. हे दोन-तीन महिने फार धावपळीचे आहेत. कळवतो."

"कळव," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी चहा टाकला. तो उतू जाईपर्यंत त्या ओट्याशीच उभ्या होत्या.

त्यानं कळवलं नाही. जून गेला, कॉलेज सुरू झालं. उद्घाटन म्हणून विभागप्रमुख दोन शब्द बोलले, त्यांतला एक 'बैजिक' होता आणि तोही अडखळत. पण वर्ग भरला. 'पण' पहिल्या बाकावर होती. बाई जांभळ्या पुस्तकातून शिकवत, राहिलेल्या सिद्धता फळ्यावर घालत, आणि ज्या दिवशी तास चांगला होई त्या दिवशी घरी येऊन त्याच्या पुस्तकातलं थोडं वाचत. शेवटपर्यंत वाचलं त्यांनी ते. सातव्या प्रकरणात एक आकृती होती, पुस्तकातल्या मोजक्या आकृत्यांपैकी एक: एका बाजूला बंद अंडं, दुसऱ्या बाजूला मोकळी पसरलेली शाखा. बाजूच्या समीकरणात अधिक चिन्ह होतं. बाईंनी मनात आलेख काढला. अधिक असेल तर अंडं येणारच नाही. तिथं उणे हवं.

बऱ्याच दिवसांनी बाईंना इतका आनंद झाला. चुकलो तरी कुणी सांगत नाही, असं तो म्हणाला होता. त्यांनी कॉलेजच्या संगणकावर बसून त्याला चार ओळी लिहिल्या. पान सांगितलं, ओळ सांगितली, शेवटी लिहिलं, 'पेंगत होतास वाटतं.' पाठवल्यावर त्या रोज तीन-चारदा काहीतरी निमित्त काढून संगणकाकडे जाऊन येत.

उत्तर आठवड्यानं आलं. स्टाफरूममध्ये मधली सुट्टी चालली होती. बाईंनी चष्मा लावला.

'महोदया, आपण दाखवलेल्या मुद्रणदोषाबद्दल मनःपूर्वक आभार. पुढील आवृत्तीत योग्य ती दुरुस्ती करण्यात येईल. आपला,' आणि खाली त्याचं पूर्ण नाव, पदव्यांसकट.

कुणा मदतनिसानं लिहिलं असेल. असेलही. बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. 'आपण' या शब्दापाशी त्यांची नजर थोडी थांबली, मग खाली गेली.

"मोठ्या माणसाचं उत्तर का?" विभागप्रमुखांनी मागून डोकावून विचारलं. "काय म्हणतायत?"

"एक उणे राहिलं होतं," बाई म्हणाल्या. "ते घालतो म्हणतात."

घंटा झाली. बाईंनी संगणक बंद केला, खडू आणि डस्टर घेतलं आणि लांब व्हरांड्यातून त्या वर्गाकडे निघाल्या. लांबूनच आवाज ऐकू येऊ लागले. दारापाशी आल्यावर शब्द कळायला लागले. आत दोन वक्र एकमेकांना किती ठिकाणी भेटतात यावरून जुंपली होती.

"चार!"

"पण मला दोनच दिसतायत!"

"दिसत नाहीत ते पण मोजायचे असतात, बावळट!"

"न दिसणारे कसे मोजणार? दाखव ना मला!"

कुणीतरी बाकावर थाप मारली, कुणीतरी खो खो हसलं. बाईंचा हात दाराच्या कडीवर होता. आत गेलं की सगळी गप्प होऊन उभी राहणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या तशाच बाहेर उभ्या राहून ऐकत राहिल्या.