विश्वजीतची जोड

सोळा वर्षांत अकरा संघ. विश्वजीत नलवडेच्या कारकिर्दीचा हिशेब एवढ्यावर आटोपतो, पण त्यातली गावं मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. सतराव्या वर्षी मिरजेच्या एका स्पर्धेत तो गोव्याच्या एका संघाच्या माणसाच्या नजरेत भरला आणि पिशवी भरून गेला तो गेलाच. गोवा झालं, कोलकाता झालं, शिलाँग, लुधियाना, कण्णूर, बेंगळुरू झालं. एक हंगाम तर मालदीवमध्ये काढला. स्ट्रायकर माणूस. गोल मारणं हे त्याचं काम, आणि गोल आटले की त्या गावातलं अन्नपाणीही आटायचं. कोलकात्यात एका हंगामात एकोणीस गोल केले तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. पुढच्या हंगामात सात सामने कोरडे गेले, तेव्हा त्याच लोकांतल्या कुणीतरी बसच्या खिडकीतून त्याच्या अंगावर चहा फेकला. लुधियान्यात आपल्याला काढलंय हे त्याला कपाटावरच्या चिकटपट्टीवरून कळलं. त्याचं नाव खरवडून दुसऱ्याचं लिहिलं होतं आणि आत त्याचे बूट तसेच होते. त्यानं बूट काखेत मारले, नव्या माणसाशी हात मिळवला आणि स्टेशन गाठलं.

शेवटचा संघ आयझॉलचा. तिथं उजवा गुडघा गेला.

साताऱ्यात त्याची बायको क्रांती एका तपासणी केंद्रात नोकरीला होती. तिनंच ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "जपलात तर चालाल, पोरांना शिकवालही. पण आता कुणी अंगावर आला तर सांगता येत नाही." दोघं दवाखान्याबाहेर रिक्षाची वाट बघत उभी राहिली, आणि तिथंच ठरलं की हे कुणाला सांगायचं नाही. आष्ट्याजवळच्या त्याच्या गावी हंबीररावांची शिक्षणसंस्था निवासी क्रीडाशाळा काढत होती. फुटबॉलचा मास्तर हवा होता. तेहतिसाव्या वर्षी, खेळाशिवाय काही न शिकलेल्या माणसाला दुसरं कोण विचारणार?

हंबीररावांनी त्याला बंगल्याच्या व्हरांड्यात बसवलं. नेमणुकीचं पत्र टाइप करून फाइलीत ठेवलेलं होतं.

"अकरा संघ," हंबीरराव म्हणाले. "आसं का रं? एका ठिकाणी टिकला न्हाईस?"

"फुटबॉलमध्ये तसंच असतं साहेब."

"आसंल. पण गावानं तुला खेळताना कवा बघितलं? टीव्हीवर बघितलं म्हंत्यात चार लोक. यात्रंला मैदान घेऊ. आपल्या तालमीची पोरं एका बाजूला, तू आन् हायस्कूलची पोरं दुसऱ्या बाजूला. एक गोल मार आन् सगळ्या गावासमोर पत्र घे."

"तालमीची? त्यांनी कधी बॉलला पाय लावलाय का?"

"म्हंजे तुला सोपंच की गड्या!"

नाही म्हणायचं तर गुडघ्याचं सांगावं लागलं असतं. विश्वजीत व्हय म्हणाला.

त्याचे वडील नाथाजी, सैन्यातले निवृत्त हवालदार आणि तरुणपणीचे नावाजलेले मल्ल. पोरानं तालीम सोडून बॉलच्या मागं धावावं हे त्यांनी कधी मनातून मान्य केलं नव्हतं. सोळा वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिला नव्हता. पण आता मैदान भरणार म्हटल्यावर म्हातारा पेटला. सकाळी उठून पोराला बदाम वाटून द्यायचा, दारावरून जाणाऱ्याला हाक मारून सांगायचा, "आवं, येताय न्हवं? आमच्या इश्वाची जोड हाय."

यात्रेच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चारला, हायस्कूलच्या पटांगणावर माणूस मावेना. चुन्याच्या रेघा आखलेल्या, पण पंचांची टेबलं, हलगी, लाउडस्पीकर सगळा थाट कुस्ती मैदानाचा. रेफरी म्हणून सांगलीहून निमिष नावाचे तरुण क्रीडाशिक्षक आले होते. अकरा जणांची बाजू असते हे त्यांनी दोनदा समजावलं. पण पंचांना एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा एक, एवढंच ठाऊक. त्यांनी विश्वजीतची जोड लावली ती शिवतेजशी. शिवतेज म्हणजे तालमीचा पहिल्या नंबरचा पैलवान, मान रेड्यासारखी, पायांत भावाचे बूट.

मग पुकारा सुरू झाला. कुस्तीत असतं तसंच. नावाजलेल्या पैलवानाला जो पाडेल त्याला इनाम. जेवढं इनाम मोठं तेवढा पैलवान मोठा. माइकवरचा माणूस ओरडला, "इश्वजीत नलवड्याला जो थोपवंल त्याला सरपंचांकडनं एक बोकड!" हलगी कडाडली. "दूध संघाच्या संचालकांकडनं सायकल!" कुणी चांदीचं कडं लावलं. विश्वजीत मध्यावर उभा राहून ऐकत होता. चहा अंगावर घेतलेला माणूस तो, पण असलं कुठल्याच गावात ऐकलं नव्हतं.

पुकारा थंडावला. तेवढ्यात फेटा सावरत नाथाजी उठले, गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेले आणि माइक हातात घेतला.

"ह्यो माजा ल्योक हाय," ते म्हणाले. "ह्याच्यावर बोकड आन् सायकल? लाज वाटत न्हाई व्हय रं तुमाला? जो ह्याला लोळवंल त्याला माज्याकडनं दुभती म्हस!"

मैदान उसळलं. शिट्ट्या, टोप्या, धूळ. नाथाजींनी पोराकडं पाहिलं, छाती पुढं काढली आणि मिशीला पीळ दिला. थोपवेल त्याला बोकड होता. म्हैस होती लोळवेल त्याला. तो फरक विश्वजीतला कळला आणि शिवतेजलाही कळला. तो बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा आवळत होता.

"पैलवान," विश्वजीत त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बॉल घे. पायजे तेवढा घे. पायावर येऊ नगंस."

"बॉलचं कोण बोललंय दादा?" शिवतेज म्हणाला. "म्हस तुमच्यावर लावलीया."

अर्धा तास विश्वजीतनं त्याला चुकवलं. सोळा वर्षांची विद्या त्यात खर्ची घातली. जिथं चेंडू तिथं तो क्षणभरच असायचा, पास देऊन बाजूला व्हायचा. शिवतेज धापा टाकत मागून यायचा आणि मोकळ्या हवेला कवळ घालायचा. निमिष सरांनी त्याला दोनदा पिवळं कार्ड दाखवलं, मग लाल. पंचांनी लाल कार्ड टेबलावर ठेवून घेतलं आणि जोड सुटल्याशिवाय गडी बाहेर जात नाही असं सांगितलं. लोकांना मात्र हे पळणं आवडलं नाही. "आरं लढ की!" "पळपुट्या!" "अकरा गावातनं आसाच पळालास व्हय रं?" त्यावर हशा पिकला आणि हशात नाथाजींची मान खाली गेली.

ती खाली गेलेली मान विश्वजीतनं पाहिली. पाहायला नको होती.

हायस्कूलच्या पोरानं डावीकडून चेंडू वर टाकला तेव्हा तो सरळ आत घुसला. चेंडू छातीवर घेतला, खाली सोडला, आणि उजव्या पायावर भार देऊन डाव्यानं हाणला. मारण्याच्या त्याच क्षणी शिवतेज बाजूनं त्याच्या उभ्या पायावर पडला. कुस्तीतच शोभला असता असा, पाय कवळून ओढणारा पट. आवाज पहिल्या रांगेतल्यांना ऐकू आला. चेंडू गोलकीपरच्या बोटांवरून जाळीत गेला आणि विश्वजीत पाठीवर आदळला.

निमिष सरांची शिट्टी कुणाच्या कानावर गेली नाही. चेंडूकडं कुणी पाहतच नव्हतं. शिवतेजला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं आणि हलगी नुसती फुटत होती.

"गोल आहे!" निमिष सर टेबलापाशी येऊन ओरडले. "चेंडू आत गेलाय. माणूस कुठं का पडेना, गोल तो गोल. आणि आधी त्यांना दवाखान्यात न्या!"

"आवं सर, पडला त्यो पडला की," पंच म्हणाले.

हंबीररावांनी हात वर केला. मैदान गप्प झालं. "वाद नगं. हितं खरा मल्ल कोण हाय? हवालदार! तुमीच सांगा. तुमचा ल्योक हाय, तुमी सांगाल ते गाव मानंल."

नाथाजी पोराशेजारी गुडघे टेकून बसले होते. विश्वजीतचं तोंड पांढरं पडलं होतं, पण नजर बापावर होती. एक शब्द पुरे होता.

नाथाजी उठले. हयातभर त्यांनी मैदानावर खोटा निकाल दिला नव्हता, आणि पोरासाठी खोटं बोलला असं गावानं म्हणावं हे त्यांना मेल्याहून वाईट वाटलं असतं.

"पाठ लागली साहेब," ते म्हणाले. "समद्यांनी बघितलं. इश्वा पडला."

गावानं हवालदारांच्या खरेपणावर टाळ्या वाजवल्या. हंबीररावांनी फाइल मागवली, पत्र काढलं, त्यावरचं नाव खोडलं आणि तिथल्या तिथं शिवतेजचं नाव लिहिलं.

"साहेब, मला त्यातलं काय कळत न्हाई," शिवतेज घाबरून म्हणाला.

"शिकशील. ह्यो सोळा वर्सं शिकला, काय उपेग झाला?"

जीपच्या मागच्या बाकावर विश्वजीतला आडवं घातलं. सांगलीचा रस्ता धरला. नाथाजींनी त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता.

"आबा, गोल हुता," विश्वजीत म्हणाला.

"आसंल. मला त्यातलं काय कळतंय." मग त्याच्या तोंडाकडं बघत, "मी खोटं बोलाया पायजे हुतं व्हय?"

"व्हय."

म्हाताऱ्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"गुडघा आधीच गेलेला हुता आबा. डॉक्टरनं खेळू नगं म्हणून सांगितलं हुतं. क्रांतीला ठावं हाय."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हस लावली नसती तुमी?"

नाथाजींनी खरंच विचार केला. खोटं त्यांना आताही जमलं नाही.

"लावली असती," ते म्हणाले. "न्हाईतर लोकांनी तुला बोकडाचा गडी म्हटलं असतं की रं."

विश्वजीतनं डोळे मिटले. आष्टा मागं पडल्यावर रस्ता फार खराब होता. दर खड्ड्याला नाथाजी पोराचा पाय दोन्ही हातांनी गच्च आवळून धरत होते, हलू नये म्हणून, नेमका गुडघ्यावर.