पूजेत मांडलेली लाल डिस्क

फोटोंच्या तीन प्रती हव्यात आणि त्यातली एक दुकानाबाहेर हवी, हे श्रद्धाने उत्तरेश्वरकाकांना सहा वर्षांत इतक्यांदा सांगितलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असतं. बिबवेवाडीतल्या त्या फोटो स्टुडिओचे मालक काका, पण काम ओढायची श्रद्धा. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी ड्रॉवरमधल्या काळ्या डिस्कवर आणि तिसरी लाल डिस्कवर. लाल डिस्क राहायची श्रद्धाच्या घरी, कपाटात, आईच्या साड्यांखाली. ती कोण नेतं, कोण आणतं, ते लिहून सही करायला तिने एक वहीसुद्धा ठेवली होती. काका हसायचे. "एवढं तर बँकवालेही करत नाहीत गं."

खंडेनवमीला श्रद्धा हिंजवडीच्या एका कंपनीत अल्बम पोचवायला गेली. परतताना ट्रॅफिकने अडीच तास खाल्ले. संध्याकाळी दुकानात शिरते तो टेबलावर पूजा मांडलेली. कॅमेरे, लेन्स, कॉम्प्युटर, काळी डिस्क, आणि तिला खेटून, वर झेंडूचं फूल ठेवलेली लाल डिस्क. श्रद्धाच्या मस्तकात तिडीक गेली.

"ही इथे कशी, काका?"

"तुझ्या आईकडून मागून आणली. वर्षभर राबते बिचारी. आजच्या दिवशीसुद्धा तिला कपाटात कोंडायची?"

"मी जाताना घरी नेते."

"उद्या ने, उत्तरपूजा झाली की. मांडलेली पूजा हलवत नसतात."

तिला भांडायचं होतं. पण देवाधर्माचं नाव आलं की भल्याभल्यांची वाचा बसते, तशी तिचीही बसली. वर तिने पूजेला नमस्कारही केला. पुढे तिला सगळ्यात जास्त संताप आला तो स्वतःच्या त्या नमस्काराचा.

दसऱ्याच्या सकाळी दुकानाचं शटर वाकवलेलं होतं आणि टेबल रिकामं होतं. चोरांना शोधाशोधीचेही कष्ट पडले नव्हते. दुकानातली प्रत्येक किमती वस्तू हळदकुंकू लावून ओळीने मांडून ठेवलेली. उचलायची आणि चालू पडायचं. समई तेवढी त्यांनी सोडली होती. पोलीस येऊन पंचनामा करून गेले. कॅमेऱ्यांचा विमा होता, म्हणून काका जरा सावरले. फोटोंचा विमा कोणी काढलेला नव्हता आणि तसा तो निघतही नाही, हे त्यांना सांगायचं श्रद्धाच्या जिवावर आलं.

अकराच्या सुमाराला मैनाबाई आल्या. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, संस्कृतीचं लग्न झालं होतं आणि जुलैत नवरा, सर्जेराव, बसल्या जागी गेला. सुतक, मग मासिक श्राद्धं, मग पितृपक्ष. अल्बमचे फोटो निवडायचे राहूनच गेले. त्यांना दसऱ्याला बोलावलं होतं. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये लग्नाचे ढीगभर फोटो होते, पण सगळ्यांनी नवरीच टिपलेली. कन्यादान करताना रडणारा बाप फक्त श्रद्धाने काढला होता.

चोरीचं ऐकून मैनाबाई खुर्चीवर टेकल्या. "बाकी जाऊ द्या. आमच्या मालकांचा फोटू तरी हाय का?"

काकांनी खाली बघितलं, मग हळूच वही उघडली. "तिसरी प्रत असते, ताई. ती हिच्या घरी असते. ही बघा, सही हिचीच आहे."

ते खोटं नव्हतं. वहीत तसंच होतं. डिस्क मागून आणताना मालकाने सही कशाला करायची?

मैनाबाईंचा चेहरा उजळला. "पोरी, मग दे की गं."

त्या ओरडल्या असत्या तर श्रद्धाने ऐकून घेतलं असतं. ही आशा मात्र तिला सोसवेना. काकांच्या आई-बहिणीचा उद्धार करावा इतका राग तिच्या तोंडापर्यंत आला होता. तिने तो गिळला आणि मोबाइल काढला. काकांनी आदल्या संध्याकाळी ठेवलेलं स्टेटस अजून होतं. खंडेनवमीच्या शुभेच्छा, दुकानाचं नाव, पत्ता, आणि मध्ये ती सगळी आरास. तिने मोबाइल काउंटरवर, वहीशेजारी ठेवला.

"ही लाल डिस्क. काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. माझ्या घरी नव्हती, इथे होती. आणि अख्ख्या पुण्याला दाखवून ठेवली होती."

"अगं, पूजा होती ती..."

"मग तेच लिहा वहीत. डिस्क पूजेला आणली. खाली सही करा. मालकांनाही सही असते, काका."

काका वही पुढे ओढून खिसे चाचपू लागले.

मैनाबाईंनी मोबाइल उचलला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. पडद्यावर नुसती लाल डबी राहिली, तिच्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं.

"ह्यात व्हतं व्हय आमचं मालक?"

"हो," श्रद्धा म्हणाली.

 मैनाबाई मोबाइल तिच्या हातात देत म्हणाल्या, "ह्यो तरी धाड मला."

श्रद्धाने तो पाठवला. काका अजून पेन शोधत होते.